सर्पगंधेची मुळी, सहरीची गोळी

जानेफळसारख्या गावात रमजान आला, की रक्तदाबाची गोळी कधी घ्यावी हा प्रश्न घरोघरी पडतो. ‘त्यापेक्षा सर्पगंधेची मुळी घ्या,’ असे कुणी सुचवतेही.

मुळीत गुण आहे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकींनी १९३१ मध्ये तिच्यातून एक द्रव्य वेगळे केले. हकीम अजमल खानांवरून नाव ठेवले ‘अजमलीन’. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला.

पण तिच्यातलेच रिसर्पीन १९५७ मध्ये स्वीडनच्या प्रयोगशाळेत सशांना दिले, तेव्हा ते निपचित पडले. एल-डोपा देताच पुन्हा हलू लागले. त्यातून कंपवातावरील उपचाराची वाट सापडली.

मात्रा चुकली तर माणसालाही धोका. म्हणून मुळी उगाळू नका, गोळी सोडू नका. सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.