छपराला गोधडी

मुंबईच्या उपनगरांत आपल्या गावचे पुष्कळ लोक राहतात. कुणाचा भाऊ घाटकोपरला असतो. कुणाची मुलगी मुलुंडला दिलेली असते. तिथेही जुनी गावे आहेत. अंधेरीकडे वेसावे आणि मरोळ आहे. बोरिवलीकडे गोराई आहे. आरेच्या रानात वारल्यांचे पाडे आहेत.

पूर्वी या गावांत कौलारू घरे असत. कौलांच्या फटींतून थोडा वारा खेळे. आता जागा कमी झाली, माणसे वाढली. पुष्कळ घरांवर लोखंडी पत्रा आला. पत्रा हलका असतो, स्वस्त असतो आणि एका दिवसात चढतो. म्हणून तो सगळीकडे दिसतो. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरच्या घरांच्या भिंती २०१७ साली रंगीबेरंगी रंगवल्या. मेट्रोतून जाताना त्या छान दिसतात. पण भिंत रंगवली म्हणून पत्रा तापायचा थांबत नाही.

चैत्र-वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली कोण असते? कामाला गेलेला माणूस नसतो. घरी असते बाळंतीण, तान्हे मूल आणि म्हातारी आई. घरी बसून शिवणकाम करणारी, पापड लाटणारी बाई असते. माळ्यावर अभ्यास करणारा मुलगा असतो. माळा तर पत्र्याला अगदी लागून. उन्हाचा सगळा त्रास या माणसांना होतो. म्हणून छपराचा विचार नीट केला पाहिजे.

पत्रा का तापतो?

चुलीवरचा तवा आठवा. तव्याला हात न लावता वर धरला, तरी चटका जाणवतो. छपराचा पत्रा म्हणजे उलटा धरलेला तवाच. वरून सूर्य त्याला तापवतो. लोखंडातून उष्णता झटकन खाली येते. मग पत्रा खालच्या माणसांवर आग ओकतो. पंखा लावला तरी तो तीच गरम हवा फिरवतो.

आता दुसरी गोष्ट पाहा. थंडीत आपण गोधडी घेतो. गोधडीत काय असते? जुन्या लुगड्यांचे थर असतात. थराथरांत हवा अडकलेली असते. अडकलेल्या हवेतून उष्णता सहज जात नाही. म्हणून अंगाची ऊब अंगाशी राहते.

बर्फवाला बर्फ पोत्यात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळतो. वेसाव्याच्या कोळणी मासळी आणि बर्फ थर्माकोलच्या डब्यात ठेवतात. गोधडी ऊब राखते आणि डबा थंडावा राखतो. काम दोन दिसते, पण ते एकच आहे. दोन्हींत अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते.

जुन्या गवती छपरात हेच होते. गवताच्या काड्यांत हवा कोंडलेली असे. म्हणून झोपडी गरिबाची असली, तरी दुपारी त्या मानाने थंड असे. पत्रा आला, पाऊस अडला, पण हवेचा थर गेला. तो थर परत कसा आणायचा, हा आजचा प्रश्न आहे.

दोन पत्रे, मध्ये फोम

यासाठी बाजारात एक तयार माल मिळतो. त्याला लोक ‘पफ पॅनेल’ किंवा ‘सँडविच पॅनेल’ म्हणतात. खाली एक पातळ पत्रा, वर एक पातळ पत्रा आणि मध्ये घट्ट फोम. तिन्ही एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात. फोममध्ये वायूचे लहान लहान बुडबुडे कोंडलेले असतात. फोमपेक्षा लोखंडातून उष्णता हजारपटीहून जास्त सहज जाते. म्हणून वरचा पत्रा तापला, तरी खालचा फार तापत नाही.

असे पॅनेल मजबूत कसे राहते? घरातले पुठ्ठ्याचे खोके घ्या. नुसता कागद हातात लवतो. पण खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागद असतात आणि मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो. तो पुठ्ठा लवकर वाकत नाही. पॅनेलचेही तसेच आहे. तिन्ही थर मिळून भार घेतात. मात्र चिकटवणी सुटली, तर ती ताकद गेली.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मॅडिसन येथे लाकडावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिने १९३५ साली दोन फळ्यांच्या पॅनेलचे घर बांधून पाहिले. पुढे १९५२ साली ऑल्डन डाऊ या घरबांधणी तज्ज्ञाने मध्ये फोम घालून घरे उभारली. तिकडे थंडी फार. त्यांना घरातली ऊब राखायची होती. आपल्याला बाहेरचे ऊन अडवायचे आहे. तिकडे पॅनेलला दोन्ही बाजूंनी लाकडी फळी लावतात. आपल्या दमट हवेत आणि वाळवीत फळी टिकणे कठीण. म्हणून इकडे बहुधा पत्र्याचेच पॅनेल मिळते. शीतगृहे, कारखान्यांच्या शेड आणि पहारेकऱ्यांच्या केबिनी यांसाठी ते वापरतात.

दोन इंच जाडीचे असे पॅनेल वजनाला हलके असते. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब खोलीवर त्याचा भार साधारण दोन-तीन माणसांएवढा होतो. कौलांचा भार याच्या तिप्पट-चौपट असतो. पावसाचा आवाजही पॅनेलखाली कमी येतो. मुलाला अभ्यास करता येतो, आजाऱ्याला झोप लागते.

पॅनेल काय करत नाही?

पॅनेल घर थंड करत नाही. ते फक्त वरून येणारे ऊन अडवते. हा फरक लक्षात ठेवा.

घरात चूल असते, माणसे असतात, दिवा असतो. त्यांचीही उष्णता असते. साधा पत्रा रात्री लवकर निवतो. पॅनेलखाली मात्र आतली गरम हवा आतच राहू शकते. म्हणून गरम हवेला वाट पाहिजे. गरम हवा वर जाते. तेव्हा भिंतीला वरच्या बाजूस झरोका ठेवा. समोरासमोर खिडकी किंवा जाळी ठेवा. झरोका बंद करून पॅनेल लावले, तर पैसे गेले आणि घाम राहिला.

पाणी, वारा आणि आग

नवे छप्पर घालताना तीन गोष्टींना जपावे लागते.

पहिली गोष्ट पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रोज असा पाऊस पडत नाही. पण उपनगरांत पावसाळा जोराचाच असतो. पॅनेल मधोमध गळत नाही. ते सांध्यात गळते, स्क्रूच्या भोकात गळते आणि भिंतीला टेकते तिथे गळते. म्हणून सांधा नीट बसला का, ते पाहा. प्रत्येक स्क्रूला रबरी वॉशर हवा. आढ्यावर टोपीचा पत्रा हवा. छपराला उतार हवा. पॅनेलच्या कापलेल्या कडा पत्र्याने झाकून घ्या. कड उघडी राहिली, तर पाणी आत शिरते आणि पत्रा आतून गंजतो. उंदीर आणि मुंग्याही फोम पोखरून घर करतात. वेसावे, गोराई अशा समुद्राकाठी खारा वारा असतो. तिथे चांगला गंजरोधक थर असलेलाच पत्रा घ्या.

दुसरी गोष्ट वारा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने कोकणात कितीतरी घरांची छपरे उडवली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात मोठा जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला. त्यात सतरा माणसे गेली. वारा छप्पर नुसते ढकलत नाही. तो ते खालून उचलतो. हलके छप्पर लवकर उचलले जाते. पत्र्यावर दगड किंवा जुने टायर ठेवून भागत नाही. वादळात तोच दगड दुसऱ्याच्या डोक्यात बसतो. पॅनेल खालच्या लोखंडी चौकटीला स्क्रूने घट्ट बांधा. चौकट भिंतीला घट्ट बांधा. भिंत कच्ची असेल, तर आधी भिंत नीट करा.

तिसरी गोष्ट आग. ही सर्वांत मोठी. फोम आणि थर्माकोल दोन्ही पेटू शकतात. त्यांचा धूर विषारी असतो. १४ जून २०१७ रोजी लंडनमध्ये ग्रेनफेल नावाच्या उंच इमारतीला आग लागली. बाहेरच्या भिंतींवर प्लास्टिकचा गाभा असलेले पत्रे आणि फोम होता. आग त्यातून भराभर वर चढली. बहात्तर माणसे मेली. श्रीमंत देशात असे होते. मग आपल्या दाटीच्या वस्तीत किती जपायला हवे! गल्ली अरुंद असते. बंब दारापर्यंत येत नाही.

म्हणून पत्र्याखाली उघडे थर्माकोल चिकटवू नका. स्वयंपाकाच्या जागी तर मुळीच नको. पॅनेल घेताना आगीला दाद न देणारे आहे का, ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या. विजेची तार फोममधून मोकळी नेऊ नका. ती नळीतून न्या. पॅनेलजवळ वेल्डिंग करू देऊ नका. रॉकवूल भरलेले पॅनेलही मिळते. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेल्या धाग्यांची लोकर. ती पेटत नाही. पण तिचे वजन जास्त असते आणि ती कोरडी राहिली पाहिजे.

जुना सिमेंटचा पत्रा काढताना

काही घरांवर राखी रंगाचे जुने सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. मुलुंडला पूर्वी असे पत्रे करणारा कारखाना होता. ॲस्बेस्टॉसचे बारीक धागे श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथेच बसतात. रोग लगेच दिसत नाही. वीस-तीस वर्षांनीही तो वर येतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांविषयी निकाल दिला. कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी निदान चाळीस वर्षे जपाव्यात, असे त्यात सांगितले. यावरून हा रोग किती लपून बसतो ते कळेल.

पत्रा अखंड असेल आणि त्याला कुणी छेडले नाही, तर धोका कमी असतो. तो फोडला, कापला, घासला की धूळ उडते. म्हणून तो काढताना हातोडा मारू नका. आधी पाणी मारून भिजवा. नट सोडवून अख्खा खाली घ्या. धूळ आत जाणार नाही असा चांगला मास्क लावा. नुसता रुमाल पुरत नाही. मुलांना लांब ठेवा. तुकडे अंगणात किंवा चुलीशेजारी वापरू नका.

पैसे कमी असतील तर?

पॅनेलला साध्या पत्र्यापेक्षा बराच जास्त खर्च येतो. सगळ्यांना तो झेपत नाही. पण कमी खर्चातही काही करता येते.

होळी झाली की पत्रा धुऊन त्यावर पांढरा रंग द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबाद शहरात २०१० साली उन्हाने फार माणसे गेली. पुढे तिथे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम सुरू झाले. चुनाही चालतो. पण पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो.

दुसरा उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून सिमेंटच्या किंवा जिप्समच्या पातळ पाट्यांचे दुसरे छत करणे. मधली हवा हलती राहावी म्हणून दोन्ही टोके जाळीने मोकळी ठेवा. वेल घराच्या उन्हाच्या बाजूने चढवली, तर तीही सावली देते.

भावाचा कागद स्वतः वाचा

आम्ही येथे भाव सांगत नाही. तो गावोगावी वेगळा असतो आणि बदलतो. पण हिशेब सांगतो.

खोली दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब आहे. दहा गुणिले पंधरा म्हणजे दीडशे चौरस फूट. पण छप्पर चारी बाजूंनी एक-एक फूट बाहेर हवे. म्हणजे बारा गुणिले सतरा. ते झाले दोनशे चार चौरस फूट. उतारामुळे थोडे आणखी लागेल. कुणी तीनशे फुटांचे बिल केले, तर का ते विचारा. कुणी दीडशेचेच केले, तर भिंत भिजणार हे ओळखा.

कागदावर चार गोष्टी लिहिल्या आहेत का, ते पाहा. फोमची जाडी किती? फोमची घनता किती? पफ पॅनेलमध्ये ती घनमीटरला ४० किलोच्या आसपास असते. पत्र्याची जाडी किती? आगीविषयी काय लिहिले आहे? तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. कागद राहतो. छपराची उंची वाढवायची असेल, तर आधी महापालिकेची परवानगी घ्या. नाहीतर घातलेले छप्पर उतरवावे लागेल.

घर लहान असो की मोठे, त्यातल्या माणसाला दुपारी डोळा लागला पाहिजे. मूल रडायचे थांबले पाहिजे. उन्हाला अडवा, गरम हवेला वाट द्या आणि आगीला जवळ येऊ देऊ नका. मिस्त्री काम करील. पण कागद वाचून, मोजून, विचारून काम करून घेणे आपल्या हाती आहे.