बेंच मारून छाती उतरत नाही

जिममध्ये नवा आलेला, ढगळ टी-शर्टात छाती लपवणारा मुलगा हमखास बेंचवरच आडवा झालेला दिसतो. ‘बेंच मार, छाती उतरेल,’ असं त्याला कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं. कधीकधी खुद्द ट्रेनरनंच. ऐकून ऐकून कान किटले. बेंच प्रेसनं छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्स बळकट होतात. छातीवरची चरबी त्यानं निवडून जात नाही.

राबणारा स्नायू शेजारची चरबी ओरबाडून जाळत नाही. चरबीच्या पेशींतून सुटलेली फॅटी ॲसिड्स रक्तात मिसळतात आणि जिथं गरज असेल तिथं जातात. आधी कुठली चरबी झडणार, हे हार्मोन्स आणि आनुवंशिकता ठरवतात. पटत नसेल, तर ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधला १९७१ चा टेनिसपटूंचा अभ्यास पाहा. रॅकेटचा हात दुसऱ्यापेक्षा भरलेला, पण दोन्हींच्या त्वचेखालची चरबी सारखीच! १९८४ मध्ये तर काहीजणांकडून २७ दिवसांत ५,००४ सिट-अप्स काढून घेतल्या. पोट, पाठ, नितंब, तिन्हीकडच्या चरबीपेशी सारख्याच आकसल्या. पोटाला खास सवलत नाही.

शिवाय ती चरबीच असेल असंही नाही. स्तनाग्रामागे रबरासारखी घट्ट चकती हाताला लागली, तर ती बहुधा ग्रंथीची वाढ, म्हणजे गायनेकोमास्टिया. वयात येताना ती अनेक मुलांना होते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत ओसरते. बेंचनं तिला ढिम्म फरक पडत नाही. कळस म्हणजे, बेंचचा आकडा वाढावा म्हणून स्टेरॉइडची सुई टोचून घेणाऱ्यांनाही ती होते, कारण जादा टेस्टोस्टेरॉनपैकी काहीचं शरीरात इस्ट्रोजेन बनतं. गाठ एकाच बाजूला असेल किंवा वाढत असेल, तर डॉक्टर गाठा.

आणि बेंच मारून बायकांची छाती पुरुषी होते म्हणे? टेस्टोस्टेरॉनच तेवढं नसतं, होणार कशी?

बेंच ऑलिम्पिकमध्ये असतो, हाही गैरसमजच. १९७२ नंतर तिथून गेला तो उभ्यानं करायचा प्रेस. बेंच आहे पॅरालिम्पिकमध्ये; २००४ साली अथेन्सला राजिंदरसिंग राहेलू यांनी त्यातच कांस्य मिळवलं.

पाठीची कमान म्हणजे चीटिंग नव्हे. स्पर्धेतही ती चालते; डोकं, खांदे, नितंब मात्र बेंचला टेकलेले हवेत. अतिरेक नको म्हणून आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघानं २०२३ पासून कोपर किती खाली यावं याचीही अट घातली.

आणि ‘क्लिपा लावल्या की धोका नाही’ हे एकट्यानं बेंच मारणाऱ्यानं तर मुळीच मानू नये. रॉड छातीवर अडकला तर तो कलता करून प्लेटा खाली सोडता येतात. क्लिपा असल्या की तीही वाट बंद.