विजेची गाडी आणि शेजपाळी

विजेवर चालणाऱ्या गाडीचा विषय पुण्यात कोणत्याही ओसरीवर निघाला की पहिला प्रश्न किमतीचा होतो, आणि दुसरा लगेच असा की, "ते सगळे खरे, पण चार्जिंगचे काय?" कोशकार या क्रियेला प्रभारण म्हणतील. रिक्षावाला चार्जिंगच म्हणतो, आणि या वादात मी रिक्षावाल्याच्या पक्षाचा आहे.

विजेचे वाहन पुणेकरांना नवे नाही. १९३० सालच्या जून महिन्यात डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्याच इंजिनावर. परंतु आगगाडीच्या डोक्यावर तार असते. ती जाईल तेथे वीज तिच्या सोबत असते. रस्त्यावरच्या गाडीला ती सोय नाही. तिला विजेची शिदोरी घरून बांधून घ्यावी लागते. शिदोरी कोठे बांधायची, तिला किती वेळ लागतो आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, एवढाच चार्जिंगचा प्रश्न आहे. पण त्या 'एवढ्या'त बरेच काही येते.

थोडे आकडे घेऊ. आपल्या बिलात जे 'युनिट' असते ते म्हणजे एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी वीज. साध्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीत अशी सुमारे तीन युनिटे मावतात; मोटारीच्या बॅटरीत तीस किंवा त्याहून अधिक. घरातल्या मोठ्या, म्हणजे गीझरच्या सॉकेटमधून तासाला फार तर तीन-सव्वातीन युनिटे निघतात. म्हणजे तीस युनिटांची रिकामी मोटार भरायला नऊ-दहा तास हवेत. भिंतीवर बसवलेल्या सात किलोवॉटच्या चार्जरने हे काम साडेचार तासांत होते. हमरस्त्यावरचे मोठे चार्जर पन्नास-साठ किलोवॉटचे किंवा त्याहून मोठे असतात. घरची वीज उलटसुलट वाहणारी आणि बॅटरीला हवी ती एकाच दिशेने वाहणारी. घरी हे रूपांतर गाडीतले लहानसे यंत्र करते. हमरस्त्यावर ते बाहेरचे मोठे कपाट करते, म्हणून तेथे तासाभराच्या आत काम उरकते.

मात्र ऐंशी टक्क्यांनंतर हे मोठे यंत्रही एकाएकी मंदावते, आणि नवखा मालक चिडतो. त्यात यंत्राचा दोष नाही. व्याख्यानाचे सभागृह रिकामे असते तेव्हा येणारा माणूस सरळ जाऊन खुर्चीत बसतो. चार-पाच खुर्च्याच शिल्लक राहिल्या की शोधाशोध होते, गुडघे आखडून घ्यावे लागतात; त्या वेळी दारातून लोंढा आत घेतला तर चेंगराचेंगरी होईल. बॅटरीतील लिथियमच्या कणांचे तसेच आहे. म्हणून प्रवासात ऐंशी टक्क्यांवर निघावे. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी मागच्या माणसाला ताटकळत ठेवू नये.

घाटाची धास्तीही हिशेबाने कमी होते. दीड हजार किलोची मोटार बोरघाटात पाचशे मीटर वर चढते तेव्हा त्या चढाची किंमत दोन युनिटे, घट धरून अडीच. उतरताना मोटरच जनित्राचे काम करते आणि त्यातला काही भाग परत मिळतो. मुंबईहून येणाऱ्याची दमछाक घाटापेक्षा द्रुतगती मार्गावरचा त्याचा स्वतःचा वेगच अधिक करतो.

आता गृहसंस्थेकडे वळू, कारण खरे रणांगण तेच आहे. कोथरूड-औंधच्या एखाद्या साठ बिऱ्हाडांच्या इमारतीत दहा जणांनी मोटारी घेतल्या असे धरा. दहाही जणांना सात किलोवॉटचा चार्जर हवा. चिटणीस हिशेब मांडतात: सत्तर किलोवॉट. संध्याकाळी सातला सगळे एकदम घरी येणार, त्याच वेळी लिफ्ट, पंप, स्वयंपाकघरे चालू. ट्रान्सफॉर्मर कसा पुरणार? सभा तहकूब.

पण हा हिशेब चुकीच्या टोकाने धरलेला आहे. पुण्यातली मोटार दिवसात चाळीस किलोमीटर फिरली तर तिला सुमारे सहा युनिटे लागतात. दहा मोटारींची साठ. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ही साठ युनिटे वाटून दिली, तर सरासरी भार साडेसात किलोवॉट भरतो. म्हणजे सत्तर किलोवॉटची मागणी म्हणून जी भीती दाखवली जाते ती दहा मोटारींची भूक रात्रभरात एकाच चार्जरएवढ्या विजेत भागते. अट एकच: सर्वांनी एकदम पानावर बसता कामा नये.

ही युक्ती आपल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. कालव्याचे पाणी सगळ्या शेतांना एकदम सोडत नाहीत, शेजपाळीने सोडतात. ज्याची पाळी आली त्याचे दार उघडते, त्याचे भिजले की पुढच्याचे. विजेची शेजपाळी राखणारी यंत्रणा आज बाजारात मिळते. प्रत्येकाच्या युनिटांची वेगळी नोंदही ती ठेवते. म्हणून भांडण वायरचे नसून बहुधा वहीचे असते: खर्च कोणाच्या खात्यात, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याने वर्गणी का द्यावी. हा प्रश्न रास्त आहे व तो सभेत मोकळेपणे सोडवावा. ट्रान्सफॉर्मरच्या आड दडवू नये. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींतील वीस टक्के वाहनजागा चार्जिंगला सज्ज असाव्यात असे म्हटले होते. जुन्या इमारतींना मात्र आपापसांतच मार्ग काढावा लागणार.

आगीची भीती निराधार म्हणता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली होती. देशात इतरत्रही असे प्रकार घडले आणि त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. अशा चाचण्या करणारी देशातील एक प्रमुख संस्था, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. पण चाचणीत पास झालेल्या गाडीलाही तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून लोंबत सोडलेली बारीक वायर सोसत नाही. पुरेशा जाडीची तार, नीट अर्थिंग आणि वीजगळती होताच तुटणारा स्विच, या तिन्हींत काटकसर करू नये.

व्यापाऱ्याचा प्रश्न निराळा. पूर्वी अडचण कायद्याची होती: परवान्याशिवाय वीज विकायची कशी? एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की चार्जिंग ही विजेची विक्री नव्हे, सेवा आहे. पिठाची गिरणीवाला आपल्याला वीज विकत नाही, दळण दळून देतो, तसेच हे. त्यामुळे हॉटेलवाला, मंगल कार्यालयवाला, कारखानदार कोणीही चार्जर बसवू शकतो. आता अडचण गिऱ्हाइकाची आहे. साठ किलोवॉटचा चार्जर दिवसरात्र चालला तर १,४४० युनिटे देईल; दिवसातून दोनच तास चालला तर फक्त १२०. जागेचे भाडे, यंत्राचे व्याज आणि वीज कंपनीचा स्थिर आकार मात्र दोन्ही वेळेस तेवढाच. म्हणून गिरणी मोठी घालण्याआधी दळण किती येईल ते पाहावे. हिंजवडीसारख्या ठिकाणी नोकरदारांच्या मोटारी सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत उभ्याच असतात. तेथे एका महागड्या चार्जरपेक्षा दहा स्वस्त, सावकाश चार्जर शहाणपणाचे. शिवाय दुपारी सौर वीज मुबलक असते. रात्री आपली वीज मुख्यतः चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून येते.

विजेचे मूळ पाहण्याची सवय पुण्याला असायला हवी. मुळशीचे पाणी सह्याद्रीखाली उतरवून भिऱ्याला वीज झाली, ती मुंबईला गेली, आणि ज्यांची शेते बुडाली त्यांच्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून लढा दिला. गाडीच्या मागे धूर दिसत नाही म्हणून तो कोठेच निघत नाही असे समजू नये.

मोठ्या प्रमाणावर शिस्तीने काम झाले ते बसगाड्यांचे. पीएमपीएमएलच्या पहिल्या विजेच्या बसगाड्या फेब्रुवारी २०१९ मध्ये भेकराईनगर व निगडी आगारांतून धावू लागल्या. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली. २०२२ साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर एस. टी.ची पहिली विजेची 'शिवाई' सुटली. बसला ठराविक मार्ग, ठराविक आगार आणि रात्रीचा विसावा असतो, म्हणून तिचे जमले. तरीही शंभर बसगाड्यांना दोनदोनशे युनिटे द्यायची तर रात्रीत वीस हजार होतात. एवढ्यासाठी आगाराला उच्चदाबाची स्वतंत्र जोडणीच हवी.

राहिला तो, ज्याला ना आगार ना वाहनतळ. कसबा-गणेश पेठेतल्या वाड्यातला भाडेकरू, ताडीवाला रस्त्यावरचा रिक्षावाला, घरोघर डबे पोचवणारा मुलगा. खरे पाहता विजेच्या गाडीचा सर्वांत अधिक लाभ यालाच. दिवसाला शंभर किलोमीटर हिंडणाऱ्या मुलाचे दोन लिटर पेट्रोल वाचते आणि त्याच्या जागी तीन-चार युनिटे लागतात. पण त्याची स्कूटर रात्री रस्त्यावर उभी असते आणि सॉकेट दुसऱ्या मजल्यावर. तो बॅटरी काढून खांद्यावरून वर नेतो, किंवा ती भाड्याने बदलून घेतो, नाहीतर पेट्रोलच भरतो. आमच्या योजना मॉलच्या तळघरातल्या मोटारींचा विचार आधी करतात, हे मला पटत नाही. पुणे हे दुचाकींचे शहर आहे.

स्कूटरच्या चार्जरला विजेच्या इस्त्रीपेक्षा कमी वीज लागते. लंडनमध्ये रस्त्याच्या दिव्याच्या खांबांवरच सॉकेट बसवून मोटारी भरल्या जातात. आपल्याला तर स्कूटरपुरतेच हवे आहे. रिक्षाथांबे, मंडईची वाहनतळे, महापालिकेच्या शाळांची रात्री रिकामी असणारी आवारे येथे मीटरसह साध्या सॉकेटांची रांग बसवता येईल. हलक्या वाहनांसाठी देशी बनावटीच्या एका जोडणीला भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मान्यता दिली आहे. सर्व कंपन्यांनी तीच स्वीकारली तर एका सॉकेटवर कोणतीही स्कूटर लागेल. आज मात्र थांब्यावर पोचलेल्या माणसाला आधी आपल्या गाडीचा दट्ट्या तेथे बसतो की नाही हे पाहावे लागते.