वाद्यवृंदाचा अग्रवादक

पाश्चात्य संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदात सत्तर-ऐंशी वादक एकत्र बसतात. वादनास प्रारंभ होण्यापूर्वी त्यांतील एक व्हायोलिनवादक उठून उभा राहतो. ओबो नावाचे फुंकून वाजवावयाचे वाद्य एक स्वर धरते आणि सर्व वादक त्या स्वराशी आपापली वाद्ये जुळवून घेतात. उभा राहिलेला हा वादक म्हणजे वृंदाचा अग्रवादक होय.

त्याचे आसन संचालकाच्या डाव्या हातास, अगदी जवळ असते. व्हायोलिनचा गज कोणत्या स्वरावर खाली ओढावा व कोणत्या स्वरावर वर न्यावा, हे तो अगोदर ठरवितो. वीस-पंचवीस गज एकाच वेळी खालीवर होताना पाहून ही केवळ शोभा आहे, असे नवख्यास वाटते. परंतु तसे नाही. गज खाली ओढताना निघणाऱ्या स्वराला अधिक वजन असते. म्हणून प्रत्येकाने मनास येईल तसा गज चालविल्यास स्वरांची एकवाक्यताच मोडेल. रचनेत एकट्या व्हायोलिनचा भाग आला, तर तोही बहुधा अग्रवादकच वाजवितो.

हे आसन व्हिएन्ना शहरात आर्नोल्ड रोझे यांनी ५७ वर्षे सांभाळले. त्यांचा जन्म १८६३ साली, आजच्या रुमानियातील याश येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. १८८१ साली तेथील राजसंगीतिकागृहाच्या वृंदाचे अग्रवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते! पुढे थोर संगीतकार गुस्ताव माहलर त्या संगीतिकागृहाचे संचालक झाले. त्यांची बहीण युस्टीन ही रोझे यांची पत्नी. रोझे यांनी चार वादकांचा स्वतःचा एक लहान संचही उभारला होता. १९०८ साली शोनबर्ग यांची एक नवी रचना हा संच वाजवीत असता श्रोत्यांनी मोठा गोंधळ घातला. परंतु नव्या रचना वाजविणे रोझे यांनी सोडले नाही.

मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि केवळ ज्यू म्हणून या वृद्ध वादकाला आपल्या आसनावरून दूर व्हावे लागले. त्याच वर्षी पत्नी निवर्तली. १९३९ साली त्यांनी लंडनचा आश्रय घेतला. त्यांची कन्या आल्मा हीही कुशल व्हायोलिनवादक होती. ती नाझींच्या हाती सापडली. आउश्वित्सच्या छळछावणीत तिने बंदिवान स्त्रियांच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले आणि त्या वृंदामुळे अनेक स्त्रियांचे प्राण वाचले. ती स्वतः मात्र १९४४ साली तेथेच मरण पावली.

महायुद्ध संपल्यावर व्हिएन्नाच्या वृंदाने रोझे यांना त्यांचे जुने आसन पुन्हा देऊ केले. त्या वृंदात नाझी पक्षाचे अनेक सभासद अद्याप वाजवीत होते. रोझे यांनी नकार दिला. २५ ऑगस्ट १९४६ रोजी लंडन येथेच त्यांचे निधन झाले.