डावा-उजवा, दोन्ही बेस्ट!

उद्या सकाळी डाव्या हाताने ब्रश करून बघा. मी केला, टी-शर्टची पार वाट लागली! आणि १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तर चक्क दोन्ही हातांची भालाफेक होती. एकदम नाही हं; प्रत्येक हाताच्या बेस्ट थ्रोची बेरीज. फिनलंडच्या युहो सारिस्तोने उजव्या हाताने ६१ मीटर, डाव्याने ४८.४२ मीटर भाला फेकला. टोटल १०९.४२, गोल्ड! गंमत म्हणजे, तीनच दिवस आधी नेहमीच्या भालाफेकीत स्वीडनच्या एरिक लेमिंगने ६०.६४ मीटर फेकून त्याला सिल्व्हरवर ढकललं होतं. तेव्हाच तो हिरमुसून बसला असता तर? कारण हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधी झालाच नाही. माझा एक लेख परत आला, तरी मी आठवडाभर रुसते!