नुनावुत : जिथे रस्ता पोहोचत नाही

कॅनडाचं क्षेत्रफळ सुमारे ९९.८ लाख चौरस किलोमीटर, रशियाखालोखाल जगात दुसरं. लोकसंख्येने २०२३मध्ये ४ कोटींचा आकडा ओलांडला, पण बहुतेक वस्ती दक्षिण सीमेलगत दाटलेली. खरी उत्तर पाहायची तर नुनावुतकडे वळावं. १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झालेला हा प्रदेश महाराष्ट्राच्या जवळपास सातपट, आणि २०२१च्या जनगणनेत माणसं अवघी ३६,८५८! त्यांत बहुसंख्य इनुइट. ‘नुनावुत’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘आपली भूमी’. गावं २५, पण गावांना जोडणारे रस्ते नाहीत. विमान, उन्हाळ्यात जहाज, हिवाळ्यात बर्फावरची स्नोमोबाइल.

राजधानी इकालुइतमध्ये कित्येक घरं खांबांवर उभी दिसतात. खालची माती बारमाही गोठलेली. घराची ऊब तिला लागली की ती वितळते, खचते, भिंतींना तडे जातात. म्हणून घराखालून गार वारा खेळता ठेवायचा. पिण्याचं पाणीही अनेक घरांत टँकरने येतं.

आता हवाच तापते आहे. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो, लवकर फुटतो. बापजाद्यांनी दाखवलेल्या वाटेने सीलच्या शिकारीला निघालेला माणूस आज पावलागणिक बर्फ ठोकून पाहतो.