जुन्या टू-स्ट्रोक रानवाटी मोटारसायकलींचा इंधनखर्च आणि पल्ला : यामाहा डीटी-१ च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आपल्याकडे दुचाकी घेताना 'ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. शहरातील वाहनासाठी तो पुरेसा असतो, कारण पेट्रोल पंप जवळपास असतो. परंतु वाळवंटात, डोंगरात किंवा जंगलातील कच्च्या वाटेवर जाणाऱ्या स्वारापुढील प्रश्न वेगळा असतो. एका टाकीत आपण कोठवर जाऊ आणि तेथून परत येऊ शकू काय, हे त्याला निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. म्हणजेच त्याला सरासरी नको, पल्ला हवा असतो. या दोन संकल्पनांतील फरक दुर्लक्षिला गेल्यास त्याची किंमत निर्जन प्रदेशातील पायपिटीने मोजावी लागते.

१९६० व १९७० च्या दशकांतील रानवाटी मोटारसायकली बहुतांशी टू-स्ट्रोक होत्या. हलक्या, साध्या बांधणीच्या आणि दुरुस्तीस सोप्या अशा या गाड्या इंधनाच्या बाबतीत मात्र खर्चिक होत्या. जगात ठिकठिकाणी हौशी मंडळी आज त्यांचे जतन व पुनरुज्जीवन करीत आहेत. राजदूत, येझदी किंवा बजाजची जुनी स्कूटर वापरलेल्या वाचकाला पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचा अनुभव असेलच. त्यामागील शास्त्र समजून घेण्यास हा विषय उपयुक्त आहे.

उद्देश

प्रस्तुत लेखाचे उद्देश पुढीलप्रमाणे आहेत :

१. टू-स्ट्रोक इंजिनाचा इंधनखर्च अधिक का असतो, याची कारणे स्पष्ट करणे.
२. भूप्रदेश, चढ व उंची यांचा खर्चावर होणारा परिणाम सोप्या गणिताने दाखविणे.
३. सरासरी व पल्ला यांतील फरक विशद करून सुरक्षित पल्ला ठरविण्याची रीत मांडणे.

उदाहरणाची निवड

यामाहा कंपनीची डीटी-१ ही मोटारसायकल १९६८ मध्ये बाजारात आली. ७० मि.मी. व्यास व ६४ मि.मी. धाव असलेले २४६ घन सें.मी.चे एक-सिलिंडर इंजिन, सुमारे १८ अश्वशक्ती, सुमारे ११२ किलो कोरडे वजन आणि ९.५ लिटरची टाकी, ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. दिवे-आरसे यांसह रस्त्यावर चालणारी आणि रस्ता सोडून रानातही उतरणारी ही गाडी अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय झाली.

त्याच सुमारास मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या. १९६७ मधील पहिल्या 'मेक्सिकन १०००' शर्यतीत मोटारसायकल गटात जे. एन. रॉबर्ट्स व माल्कम स्मिथ ही जोडी हुस्क्वार्ना या टू-स्ट्रोक गाडीवर पहिली आली. द्वीपकल्पाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा पक्का महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण झाला. तोपर्यंत त्या प्रदेशात पेट्रोल मिळण्याची ठिकाणे विरळ होती. अशा मुलुखात ९.५ लिटरची टाकी किती अंतर नेईल, हा केवळ जिज्ञासेचा प्रश्न राहत नाही.

इंधनखर्च अधिक असण्याची कारणे

फोर-स्ट्रोक इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन या चार क्रिया चार स्वतंत्र धावांत होतात. टू-स्ट्रोक इंजिनात त्या दोनच धावांत उरकल्या जातात. दट्ट्या खाली येताना प्रथम उत्सर्जनद्वार उघडते व जळालेला वायू बाहेर पडू लागतो. पाठोपाठ, क्रँककेसमध्ये दाबले गेलेले पेट्रोल व हवेचे ताजे मिश्रण वर सिलिंडरमध्ये शिरते आणि उरलेल्या जळक्या वायूला बाहेर ढकलते. या काळात दोन्ही द्वारे एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या इंजिनांत ही गळती सर्वसाधारणपणे २० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे टाकीतील मोठा हिस्सा काहीही काम न करता हवेत जातो.

या गळतीवर एक उपाय सायलेन्सरच्या आकारात सापडला. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात विस्तारकक्षाचे शास्त्र विकसित केले. बाहेर पडणाऱ्या वायूची दाबलहर कक्षाच्या निमुळत्या टोकावरून परावर्तित होऊन द्वाराकडे परत येते आणि निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. मात्र लहर नेमक्या क्षणी परत येणे हे इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. ठरावीक वेगाच्या पट्ट्यात हा उपाय उत्तम चालतो. त्याबाहेर, विशेषतः मंद वेगात, त्याचा लाभ मिळत नाही. रानवाटेवर वेग सतत बदलत असल्याने गाडी बराच काळ या पट्ट्याबाहेरच असते.

दुसरी उणीव शोषणाच्या बाजूस होती. डीटी-१ मध्ये शोषणद्वार दट्ट्यानेच उघडत व मिटत असे. मंद वेगात काही मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटे फेकले जाई. १९७२ च्या डीटी-२ मध्ये रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पट्ट्यांची झडप, बसविल्याने हा दोष बराच कमी झाला.

तेलाचा प्रश्न

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल इंधनाबरोबरच जाते आणि जळते. २० : १ या जुन्या प्रमाणाने ९.५ लिटर पेट्रोलला ४७५ मि.लि. तेल लागते. ५० : १ या प्रमाणाने केवळ १९० मि.लि. पुरते. मिश्रण हाताने करावयाचे असल्यास प्रवासात प्रत्येक टाकीमागे तेवढे तेल जवळ बाळगावे लागे. यामाहाच्या 'ऑटोल्युब' पद्धतीत तेलाची टाकी स्वतंत्र असून पंप इंजिनाचा वेग व थ्रॉटल यांनुसार तेल सोडतो. त्यामुळे तेलाची बचत झाली व पंपावरचे साधे पेट्रोल चालू लागले.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला असा की, तेल जास्त घातले म्हणजे इंजिन अधिक सुरक्षित. वास्तविक जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण पेट्रोलच्या दृष्टीने विरळ होते. दुसरा गैरसमज असा की, लहान जेट बसविल्यास ॲव्हरेज वाढते. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण दट्ट्याला थंड ठेवण्याचेही काम करते. ते विरळ झाल्यास तापमान वाढते आणि पिस्टन जाम होतो. लिटरभर पेट्रोल वाचविण्याच्या नादात मैलोगणिक दूर इंजिन बंद पडणे हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

पल्ल्याचे गणित

इंजिनाची इंधनक्षमता 'एका किलोवॅट-तासाच्या कामासाठी लागणारे ग्रॅम' या एककात मोजतात. पूर्ण शक्तीवर ५०० ग्रॅम व मध्यम भारावर ६०० ग्रॅम असे आकडे गृहीत धरू. ६०० ग्रॅम म्हणजे इंधनातील सुमारे १४ टक्केच ऊर्जा उपयोगी पडते. पेट्रोलची घनता लिटरला ०.७४ किलो मानू. पुढील आकडे हे या गृहीतकांवर आधारलेले उदाहरण आहे, प्रत्यक्ष चाचणीचे निष्कर्ष नव्हेत.

(अ) कठीण मातीची सपाट वाट : ताशी ४५ कि.मी. वेगासाठी ३ किलोवॅट शक्ती लागते असे मानल्यास ताशी १.८ किलो, म्हणजे २.४३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला सुमारे १८.५ कि.मी. अंतर पडेल व पूर्ण टाकीत सुमारे १७६ कि.मी. जाता येईल.

(आ) भुसभुशीत वाळू : ताशी ३० कि.मी. वेगासाठी ४ किलोवॅट लागल्यास ताशी ३.२४ लिटर खर्च होईल. लिटरला सुमारे ९.३ कि.मी., म्हणजे टाकीत केवळ ८८ कि.मी. पडतील.

(इ) पूर्ण शक्ती : सुमारे १३ किलोवॅट सतत घेतल्यास ताशी ८.८ लिटर लागतील. तासाभरात टाकी जवळजवळ रिकामी होईल.

(ई) चढ : गाडी, स्वार, पेट्रोल व सामान मिळून २०० किलो वजन ५०० मीटर उंच नेण्यास सुमारे ०.९८ मेगाज्यूल काम होते. १४ टक्के क्षमतेने त्यासाठी ७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे २२० मि.लि. जास्तीचे पेट्रोल लागते. सपाटीवरील चार किलोमीटरइतका हा खर्च आहे. यावरून दिसते की, चढापेक्षा वाळू कितीतरी महाग पडते.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे २६ टक्क्यांनी घटते. कार्ब्युरेटर मात्र त्या प्रमाणात पेट्रोल कमी करीत नाही. मिश्रण दाट होते, प्लग काळा पडतो, शक्ती घटते आणि खर्च वाढतो. तेथे लहान जेट बसविणे योग्यच ठरते, मात्र खाली उतरताना मूळ जेट परत बसविणे तितकेच आवश्यक असते.

सरासरी आणि पल्ला

आता वाटेचा निम्मा भाग कठीण मातीचा व निम्मा वाळूचा आहे, असे समजू. १८.५ व ९.३ यांची साधी सरासरी १३.९ येते आणि टाकीचा पल्ला १३२ कि.मी. वाटतो. हे गणित चुकीचे आहे. अंतर समान असताना खर्चाची बेरीज करावी लागते, म्हणून येथे हरात्मक मध्य घ्यावयास हवा. तो १२.४ येतो व पल्ला सुमारे ११८ कि.मी. ठरतो. फरक १४ कि.मी.चा आहे. उन्हात, पाण्याविना, गाडी ढकलीत जाणाऱ्या माणसासाठी हे चौदा किलोमीटर म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुढे पेट्रोल मिळण्याची खात्री नसेल तर पल्ल्याचा निम्माच भाग हाती असतो. 'रिझर्व्ह'साठी दीड लिटर राखल्यास ८ लिटर उरतात. त्यांत सुमारे ९९ कि.मी. पडतात, म्हणजे परतीसह ४९ कि.मी.च. शिवाय राखीव दीड लिटर मातीवर सुमारे २८ कि.मी. नेतात, वाळूत केवळ १४. म्हणून सुरक्षित पल्ला वाटेच्या सर्वांत कठीण भागावरून ठरविणे हेच शहाणपणाचे होय.

आजचा संदर्भ

टू-स्ट्रोकच्या अनिर्बंध काळाला प्रदूषण-नियमांनी आवर घातला. अमेरिकेत रस्त्यावरील मोटारसायकलींसाठी असे नियम १९७८ पासून लागू झाले. १९७९ मधील पहिली पॅरिस-डाकार शर्यत सिरिल नेव्ह्यू यांनी यामाहाच्या एक्सटी-५०० या फोर-स्ट्रोक गाडीवर जिंकली, हेही बदलत्या काळाचे द्योतक होते.

जुन्या गाड्यांचे जतन करणाऱ्यांसमोर आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्न आहे. भारताने २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. पेट्रोलमध्ये लिटरला सुमारे ३२ मेगाज्यूल, तर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात ती सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि वरील ११८ कि.मी.चा पल्ला तत्त्वतः ११० कि.मी.च्या आसपास येतो. शिवाय त्याच जेटवर मिश्रण विरळ होते, जुने रबरी भाग फुगतात आणि काही स्पॅनिश गाड्यांच्या फायबरग्लासच्या टाक्यांतील राळ मऊ पडते. म्हणून जेट, नळ्या व टाकी यांची तपासणी केल्याशिवाय अशी गाडी दूरवर नेऊ नये.

निष्कर्ष

१. टू-स्ट्रोक इंजिनाचा अधिक खर्च हा प्रामुख्याने न जळता निसटणाऱ्या मिश्रणामुळे होतो. तो रचनेतील दोष आहे, चालकाचा नव्हे.
२. तोच स्वार, तीच गाडी व तीच टाकी असूनही भूप्रदेशानुसार पल्ला निम्म्यावर येऊ शकतो.
३. मिश्र वाटेसाठी साध्या सरासरीऐवजी हरात्मक मध्य वापरावा आणि परतीचे अंतर धरूनच पल्ला ठरवावा.
४. मिश्रण विरळ करून मिळणारी बचत इंजिनाच्या हानीस निमंत्रण देते.

भौतिकशास्त्र व गणित यांच्या अध्यापनात ऊर्जा, क्षमता व मध्य या संकल्पना अनेकदा कोरड्या वाटतात. एका जुन्या मोटारसायकलीची टाकी हाताशी घेतली तर त्या तिन्ही एकाच उदाहरणात विद्यार्थ्यांपुढे मांडता येतील.